कानपिळी

डोंबिवलीत लहान मुलांच्या मनोविकारांची डॉक्टर असण्याचा एक फायदा आहे. रस्त्यात कोणी थांबवून बोलत बसत नाही. सकाळी फोनवर माझ्याशी रडत बोललेली आई संध्याकाळी भाजीच्या गाडीपाशी मला पाहते आणि मेथीच्या जुडीत तोंड घालते. हाडांच्या डॉक्टरांना लोक लांबून हात करतात, दातांच्या डॉक्टरांना लग्नाच्या पत्रिका देतात. मला पाहिलं की पलीकडच्या फुटपाथवर जातात. सुरुवातीला याचं वाईट वाटायचं. पुढे राग यायला लागला. वयाबरोबर तो निवळेल असं माझ्या बरोबरीचे डॉक्टर म्हणायचे, पण तसं काही झालं नाही.

माझं एक क्लिनिक डोंबिवलीत आहे आणि एक ठाण्यात. पेशंट अंतर बघून क्लिनिक निवडतील असा माझा भाबडा समज होता. प्रत्यक्षात डोंबिवलीचे लोक ठाण्याला येतात, ठाण्याचे डोंबिवलीला, आणि कल्याणचे जिथे शेजारी भेटणार नाहीत तिथे. बोर्डावर ‘मनोविकार’ हा शब्द आहे. जागेच्या मालकाने तो काढून ‘बालविकास’ लिहायला सांगितलं होतं. मी नाही म्हटलं. खालच्या मजल्यावर दातांचा दवाखाना आहे, तेव्हा आमच्याकडे येणारी निम्मी माणसं गालाला हात लावून जिना चढतात. त्यांच्याबरोबरचं मूल हे बघत असतं. आपल्याला जे झालंय ते दाढ किडण्यापेक्षाही लाजिरवाणं आहे, हे त्याला माझ्या दारात पोचण्याआधीच कळलेलं असतं. मग मी आत बसून त्याला सांगायचं की बाळा, यात लाजण्यासारखं काही नाही.

ठाकुर्लीचं एक कुटुंब असंच ठाण्याच्या क्लिनिकमध्ये आलं. वडील एका कंपनीत अकाउंट्सला, आई घरी शिवणकाम करणारी, मोठी मुलगी नोकरीला लागलेली आणि धाकटा सहावीत. धाकट्याचं दुखणं असं की त्याच्या घशातून मध्येच ‘हुक्क’ असा आवाज निघायचा आणि त्याच वेळी डोकं डाव्या खांद्याकडे झटक्यात जायचं. शाळेत त्याला माकड म्हणायचे. वर्गाबाहेर उभं राहून त्याची बरीचशी पाचवी पार पडली होती.

“डॉक्टर, हा मुद्दाम करतो,” वडील म्हणाले. “टीव्ही बघताना करतो, झोपेत कुठे करतो?”

मी त्यांना म्हटलं, डोळ्यांची पापणी न हलवता बसून दाखवा. ते बसले. थोड्या वेळाने डोळ्यांत पाणी आलं आणि पापणी मिटलीच. “मुद्दाम मिटलीत?” मी विचारलं. मुलगा खुदकन हसला, वडील नाही हसले.

या आजाराला टुरेट म्हणतात. शिंक यावी तसा तो झटका येतो. थोडा वेळ दाबता येतो, पण दाबला की आत साठत जातो आणि दुप्पट जोराने बाहेर पडतो. आनंद झाला की वाढतो, भीती वाटली की वाढतो, आणि ‘करू नकोस’ म्हटलं की हमखास वाढतो. बुद्धीला काही झालेलं नसतं. हे मी आईवडिलांना समजावलं, रोज घ्यायचं थोडं औषध दिलं, झटक्याची चाहूल लागली की दुसरी कुठली हालचाल करायची याचा सराव सुरू केला. मुलगा हुशार होता, मन लावून करायचा. आवाज बराच कमी झाला. पूर्ण जाणार नव्हता, आणि तो पूर्ण गेलाच पाहिजे असं काही नाही, हे मला त्याच्या आईवडिलांच्या गळी शेवटपर्यंत उतरवता आलं नाही.

त्याच सुमारास मोठ्या मुलीसाठी स्थळं बघत होते. एकदा मुलाने मला सांगितलं, “ताईला बघायला आलेले ना, तेव्हा मला आतल्या खोलीत बसवलेलं. मी उशी धरलेली तोंडावर. तरी आवाज गेला. तर त्यातले एक काका म्हणाले, कुत्रं पाळलंय का? बाबा म्हणाले, शेजारच्यांचं आहे.”

हे त्याने हसत सांगितलं. वर आणखी म्हणाला, “मग मला अजून एकदा आला. बाबांना वाटलं मी मुद्दाम भुंकलो.”

मी त्या आठवड्यात वडिलांना एकट्याला बोलावून घेतलं आणि जे बोलले ते कुठल्याही पाठ्यपुस्तकात बसणारं नव्हतं. स्वतःच्या मुलाला शेजाऱ्याचं कुत्रं म्हणालात, आणि तो आत ऐकत होता. ते खाली मान घालून बसले. मग म्हणाले, “ते स्थळ मोडलं, मॅडम. त्यांना कुठून तरी कळलं. निरोप आला की घराण्यात काही आहे असं ऐकलं. तुम्ही रागवा, पण मुलीच्या बापाला झाकली मूठच ठेवावी लागते.”

मला या माणसाचा नुसता राग आला असता तर बरं झालं असतं. पण तो खोटं बोलत नव्हता. स्थळ खरंच मोडलं होतं, आणि मोडणारे चांगले शिकलेले लोक होते. त्यांच्यातलंच कोणी माझ्या जिन्यावर गालाला हात लावून चढत असेल. या गावात प्रत्येक घर दुसऱ्या घरापासून लपवतं आणि दुसऱ्या घराचं काही कळलं की पहिलं तेच पाठ फिरवतं. कोंबडं झाकून उजाडायचं राहत नाही, पण मधल्या काळात ते कोंबडं गुदमरतं.

त्यानंतर पाहुणे येणार असले की मुलाला टिटवाळ्याला मावशीकडे पाठवायला लागले. कारण सांगायचं, गणपतीला गेलाय. “माझ्याएवढी गणपतीची भक्ती कोणाची नसेल,” तो मला म्हणाला.

अखेर लग्न ठरलं. मुलगा कोलशेतला राहणारा, स्वभावाने बरा वाटत होता, मुलीलाही पसंत होता. माझा पेशंट क्लिनिकमध्ये आला तो खुर्चीत बसायलाच तयार नाही. त्याला एकच बोलायचं होतं. लग्नात नवरीच्या भावाने नवऱ्याचा कान पिळायचा असतो. माझ्या बहिणीला नीट सांभाळ, असं बजावल्यासारखं. भटजी भावाला पुढे बोलावतात, सगळे हसतात, फोटो काढतात. कानपिळी. ताईला सख्खा भाऊ एकच, तेव्हा कान त्याचाच. बोलता बोलता ‘हुक्क’ निघत होते, डोकं झटकत होतं, आणि त्याला त्याची पर्वा नव्हती. इतका आनंदी मी त्याला पहिल्यांदाच पाहिला.

तो बाहेर गेल्यावर आई आत आली. दार लावून घेऊन म्हणाली, “कान चुलतभाऊ पिळणार आहे, मॅडम. ह्याला अजून सांगितलं नाहीये. तुम्ही सांगाल का? तुमचं ऐकतो.”

म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार, आणि तोंड दाबायला मी. नाही, मी सांगणार नाही, असं मी स्पष्ट म्हटलं. वडिलांनाही आत बोलावून दोघांना समोर बसवलं. म्हटलं, हा मुलगा तुमच्या घरात लपून मोठा होतोय. एक दिवस त्याला चारचौघांत उभं राहू द्या. आवाज आला तर आला. होमात लाह्या तडतडतात तेव्हाही आवाज येतो. बराच वाद झाला. आई म्हणाली, होमासमोर सगळं गप्प असतं, माईक असतो, व्याही समोर बसलेले असतात, आणि त्यात हा हुक्क करणार. उद्या माझ्या मुलीला सासरी कोणी काही म्हटलं तर तुम्ही येणार आहात का? पण शेवटी वडील म्हणाले, “ठीक आहे. करू दे त्याला.” मी मुलाला बोलावून त्यांच्याच तोंडून ते वदवून घेतलं.

आमंत्रण द्यायला आई स्वतः आली. मुलाचा हट्ट होता. पत्रिका टेबलावर ठेवून ती जरा घुटमळली. “या नक्की. तुम्ही असलात की त्याला धीर येतो. फक्त मॅडम, कोणी विचारलं तर आम्ही चित्रकलेच्या क्लासच्या बाई सांगू. चालेल ना?”

मला सरळ रेघही काढता येत नाही. तरी मी हो म्हटलं, मुलासाठी.

लग्न कल्याणला एका हॉलमध्ये होतं. दारात गुलाबपाणी, अत्तर, आत सनई. हॉलमध्ये माझ्या ओळखीचे निदान तीन चेहरे होते. एकाच्या मुलीला मी अन्न तोंडात घ्यायला लावलं होतं, एकाचा मुलगा दहावीच्या निकालानंतर गच्चीच्या कठड्यावरून खाली आणला होता. तिघांनीही मला ओळखलं नाही. क्लासच्या बाई म्हणून मी पाचव्या रांगेत बसले.

माझा पेशंट शेरवानी आणि फेटा घालून स्टेजच्या पायरीशी उभा होता. मी हात केला. त्याने माझ्याकडे बघितलं, पण चेहऱ्यावर काही उमटलं नाही. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, बँड वाजला. एवढ्या गोंगाटात, एवढ्या आनंदात त्याचं डोकं एकदाही झटकलं नाही. हे चांगलं लक्षण नव्हतं. मी उठून जवळ गेले. तो चालला तेव्हा हात हलत नव्हते, आणि ओठाच्या कोपऱ्यातून लाळ आली होती.

“काय दिलंय त्याला?” मी आईला बाजूला घेऊन विचारलं.

“काही नाही हो. दमलाय. पहाटे उठलाय ना.”

एवढ्यात होमाची तयारी झाली. मुलगा पाटाकडे निघाला आणि मध्येच थांबला. मान डावीकडे वळली आणि तशीच राहिली. झटका नव्हता तो. झटका येतो आणि जातो. ही मान पिळवटून खांद्याला टेकली आणि तिथे अडकली. डोळे वर गेले. जबडा घट्ट मिटला. त्याला सगळं कळत होतं, दुखत होतं, आणि बोलता येत नव्हतं. नको तितकं औषध शरीरात गेलं की मुलांना असं होऊ शकतं.

मग काय, हॉलभर डॉक्टर झाले. कोणी म्हणालं फिट आहे, कांदा आणा. कोणी चप्पल हुंगवायला काढली. मागून एक बाई हात जोडून म्हणाली, अंगात आलंय, विचारा कोण आहे. मुलीच्या वडिलांनी व्याह्यांकडे तोंड करून मोठ्याने सांगितलं, “काही नाही, उपाशी आहे, उन्हाने चक्कर आली.” हॉल वातानुकूलित होता.

“बाजूला व्हा. मी त्याची डॉक्टर आहे,” मी म्हटलं.

“अहो, तुम्ही क्लासच्या बाई ना?” कांदा धरलेली बाई म्हणाली.

“मी मनोविकारतज्ज्ञ आहे,” मी म्हटलं. हे शब्द मी मुद्दाम सगळ्यांना ऐकू जातील असे उच्चारले. सनईवाला थांबला होता, त्यामुळे ते चांगलेच ऐकू गेले.

वडील आणि मी त्याला उचलून रिक्षात घातलं. आई धावत येऊन बसली. जवळच एक छोटं नर्सिंग होम होतं, तिथल्या डॉक्टरांना मी काय द्यायचं ते सांगितलं. इंजेक्शन टोचलं. हे उतरतं, पण लगेच उतरत नाही. तोवर त्या पोराच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि मान खांद्यात रुतलेली. मी त्याचा हात धरून सांगत राहिले की हे जाणार आहे, पूर्ण जाणार आहे, तुझी काही चूक नाही.

मग मी आईला बाहेर नेलं. “किती दिल्यास गोळ्या?”

एवढ्या दिवसांत मी तिला पहिल्यांदाच अगंतुगं केलं होतं. ती भिंतीला टेकून उभी होती, नवी पैठणी, नाकात नथ. “हळदीपासून थोड्या जास्त देतेय. आज सकाळी अजून दिल्या. तुम्हीच म्हणालेलात ना, ह्यानेच आवाज कमी होतो. म्हटलं आजच्या दिवस अगदीच बंद झाला तर त्याचंही होईल, आमचंही होईल.”

मी ओरडले. कॉरिडॉरमध्ये, बाकीच्या पेशंटांसमोर. मुलाला कानपिळीला उभं करायचं होतं की शोकेसमध्ये ठेवायचं होतं, असं काहीबाही. ती नुसती ऐकत होती. मला तिचा राग आला होता आणि त्याहून जास्त ज्यांच्या भीतीने तिने हे केलं त्यांचा, पण ते सगळे हॉलमध्ये वेलची टाकलेली कॉफी पीत होते, हातात ही एकटीच सापडली होती.

हळूहळू मान सैल झाली. जबडा सुटला. मुलाने दोनदा आवंढा गिळला आणि पहिला शब्द बोलायच्या आधी त्याचा तो जुना ‘हुक्क’ निघाला. मला हायसं वाटलं. वडिलांनी सवयीने ओठांवर बोट ठेवलं, “शू, हळू.” मी त्यांच्याकडे बघितलं तसं ते बोट खाली आलं.

“कान पिळला का?” मुलाने विचारलं. जीभ जड होती.

मग वडील म्हणाले, “मुहूर्त टळत होता रे. हॉलवरून फोन आला, भटजी थांबेनात. दादाने पिळला.” दादा म्हणजे तो चुलतभाऊ. मुलाने छताकडे तोंड केलं.

थोड्या वेळाने नवरानवरीच तिथे आले. दोघांच्या कपाळाला अजून मुंडावळ्या. मुलगी सरळ भावाच्या कॉटवर बसली. नवऱ्याने विचारलं, “आता कसंय?” वडील लगबगीने पुढे झाले. “बरा आहे, बरा आहे. उन्हाने—”

“मला टुरेट आहे,” मुलगा मध्येच म्हणाला. “आणि मला गोळ्या जास्त दिल्या.”

नवऱ्याने मुंडावळ्या मागे सारल्या. “माहितीये मला,” तो म्हणाला. “तुझ्या ताईने पहिल्या भेटीतच सांगितलेलं.”

आईने मुलीकडे बघितलं. “तू बोललीस? आणि मला नाही सांगितलंस?”

“तूच म्हणालेलीस ना, कुणाला कळता कामा नये,” मुलगी म्हणाली. “मी ह्याला सांगितलं हे तुला कळलं असतं तर तू लग्नापर्यंत झोपली नसतीस.”

“मी पण घरी आईला नाही बोललो,” नवरा म्हणाला. “म्हटलं लग्न होऊन जाऊ दे, मग सांगू. उगाच कशाला.”

उगाच कशाला. आईने मुलीसाठी लपवलं, मुलीने आईसाठी, जावयाने त्याच्या आईसाठी. एकमेकांना जपायच्या या खेळात सगळे चांगलेच होते, आणि मघापर्यंत कॉटवर एक सहावीतला मुलगा मान पिळवटून पडला होता. मी ते बोलूनही दाखवलं. कोणावर ओरडायचं ते कळत नव्हतं, तेव्हा सगळ्यांवर ओरडले. नवरदेव आणि नवरीही त्यातून सुटले नाहीत. लग्नाच्या दिवशी त्यांना कोणी आशीर्वाद दिले असतील, मी शिव्या दिल्या.

जावई मुळात चांगला पोरगा. त्याने ऐकून घेतलं. मग तो कॉटशेजारी गुडघ्यावर बसला आणि कान पुढे केला. “घे, पीळ. मघाशी दादाने पिळला तो धरायचा नाही. खरा तुझा.”

मुलाने हात उचलला. कानापर्यंत नेला, पाळी बोटांत धरली. मग त्याने खोलीभर नजर फिरवली. सलाईनचा स्टँड, लोखंडी कपाट, आम्ही पाच माणसं.

“इथे नको,” तो म्हणाला. “इथे कोण बघतंय?”

“मग चल हॉलवर,” जावई म्हणाला.

“चला,” मी म्हटलं. “दोन्ही बाजूंनी धरा. डॉक्टर म्हणून माझी काही हरकत नाही. पण आत्ता निघा, इंजेक्शनने त्याला झोप येणार आहे.”

वडिलांनी आईकडे बघितलं. “आता पंगती बसल्यात,” ते म्हणाले. “सगळ्यांनी त्याला तशा अवस्थेत बघितलंय. परत चर्चा सुरू होईल.” आई म्हणाली, पूजेच्या दिवशी घरी करू, घरचीच माणसं असतील. मुलगी म्हणाली, नाही, आत्ताच. मग मागच्या दाराने न्यावं का यावर बोलणं झालं. व्याह्यांना आधी काय सांगायचं यावर झालं. फेटा बांधायचा की राहू द्यायचा यावरही झालं. मी पुन्हा म्हटलं, निघा. जावई उठला आणि त्याने मुलाच्या पाठीखाली हात घातला.

मुलाचे डोळे मिटले होते. मान सरळ उशीवर होती. हा आजार झोपेत शांत होतो, त्यामुळे आवाजही नव्हता. आईने त्याच्या अंगावर स्वतःचा शेला घातला.

“बघा, किती गप्प झोपलाय,” ती म्हणाली. इतका वेळ ताठ उभे असलेले वडील स्टुलावर बसले. त्यांना बरं वाटलं होतं, ते त्यांच्या तोंडावर सरळ दिसत होतं.

“झोपू दे,” ते जावयाला म्हणाले. “तिकडचं सगळं आटपलं की उठवू.”